हळदीची राजधानी आणि मागचं कोठार

दुष्काळाच्या साली माझे वडील लोणंदच्या कांदा बाजारात हमाल होते. कांदाच आला नाही तर हमालानं उचलायचं काय? सकाळी डोक्याला फडकं गुंडाळून ते अडत्याच्या दारात जाऊन बसायचे आणि दुपारी ते फडकं कोरडंच्या कोरडं घेऊन परत यायचे. फडकं घामानं भिजलेलं दिसलं की आज चूल पेटणार, एवढं मला तेव्हा कळायला लागलं होतं. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. तिथं मिळालेली सुकडी ती स्वतः खायची नाही, पदराच्या गाठीत बांधून माझ्यासाठी आणायची. पुढं वडिलांच्या छातीत पाणी झालं. साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता.

आम्ही मायलेकी कोरेगावजवळच्या आमच्या मूळ गावी गेलो. भावकीनं गोठ्याशेजारची खोली दिली. चुलते आईला म्हणाले, "वैनी, हितंच ऱ्हावा. पोरीला दोन वर्सात उजवून टाकू."

आई म्हणाली, "ती शाळंत नंबर काढती, भावजी."

"नंबर काढून काय चुलीत घालायचाय?"

एका सकाळी आईनं पत्र्याची पेटी डोक्यावर घेतली, माझा हात धरला, कोरेगावला गाडीत बसली आणि माधवनगरला भावाच्या दारात उतरली. मामा तिथल्या गिरणीत कामाला. चाळीतली एक खोली, तिच्यात मामीनं जुनं लुगडं दोरीवर टाकून आमच्यापुरता आडोसा केला. मामीचे उपकार मी विसरलेली नाही. पण त्या लुगड्याला भोकं होती, आणि आम्ही काय खातो हे त्यातनं सगळ्या चाळीला दिसायचं.

मामानंच आईला सांगलीत एका मोठ्या व्यापाऱ्याच्या अंगणात हळद निवडायचं काम लावून दिलं. जमिनीखालच्या पेवातनं काढलेली नाहीतर गाड्यांनी आलेली हळद अंगणात ओतायची. बायका पोत्यांची बैठक करून ओळीनं बसायच्या. बोटासारखी लांब हळकुंडं एकीकडं, गोल गड्डे दुसरीकडं, खडे-मुळ्या तिसरीकडं. सूप चाललं की पिवळा धुरळा उठायचा, पण अंगण उघडं, वर लिंबाचं मोठं झाड, वारं खेळतं. धुरळा यायचा तसा जायचा. आई संध्याकाळी घरी आली की हातच काय, पापण्यासुद्धा पिवळ्या असत. मामीची पोरं तिला हसायची. मला मात्र ते हात बघून भरवसा वाटायचा. त्याच कामावर मी मॅट्रिक झाले, त्याच कामावर कॉलेजात गेले. आमच्या घराण्यात अंगठ्याऐवजी सही करणारी बाई मीच पहिली. हे मी लाजत सांगत नाही. ताठ मानेनं सांगते.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा सांगली गावाला जगाचं वेड लागलं.

परदेशातले काही मसाल्याचे व्यापारी आपला बाजार बघायला येणार अशी बातमी आली. झालं! जो तो 'वर्ल्ड' आणि 'इंटरनॅशनल' बोलू लागला. ज्यानं मिरजेपलीकडं पाऊल टाकलं नव्हतं तो हॅम्बुर्गच्या गोदीवर बोलायचा. स्वागत समिती निघाली. तिचे अध्यक्ष आमच्या कॉलेजात येऊन व्याख्यान देऊन गेले. म्हणाले, "आपलं गाव जगाच्या नकाशावर न्यायचंय. जगाची हळदीची राजधानी!" पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. वाईट काय होतं त्यात? गावाचं नाव व्हावं असं कुणाला वाटत नाही?

पण नाव कशानं होणार हे बघायला मिळालं तेव्हा माझा संताप सुरू झाला. पाहुण्यांची मोटार ज्या रस्त्यानं जाणार, त्या रस्त्यावरच्या घरांना चुना लागला. तोही फक्त रस्त्याकडच्या भिंतीला. झोपड्यांपुढं पत्रे उभे केले. म्हणजे मामीनं आमच्यापुढं टांगलेलं लुगडं बरं म्हणायचं, त्याला निदान भोकं तरी होती. बाजाराच्या तोंडाशी बैलांना पाणी प्यायची दगडी डोण होती. अथणी-जमखंडीकडनं गाड्या यायच्या, बैल आधी त्या डोणीत तोंड घालायचे आणि मग गाडीवान दुकानात जायचे. ती डोण बुजवून तिथं गोल बाग केली. बागेत कॅनाची, म्हणजे विलायती कर्दळीची रोपं लावली. बागेच्या मधोमध इंग्रजीत पाटी. तिथल्या हजारो माणसांत ती वाचणारी बोटावर मोजण्याइतकी, त्यातली मी एक. ज्याच्यासाठी ती लिहिली तो एकदा मोटारीतनं जाणार.

आणि व्यापाऱ्याच्या अंगणातलं लिंबाचं झाड तोडलं. का, तर फोटोत सावली पडते.

आईनं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मामा म्हणाले, "आगं, चार दिवसाचा तमाशा. पाहुणं गेलं की परत सगळं हाय तसं."

आई म्हणाली, "झाड परत हाय तसं हुतंय व्हय, दादा?"

पाहुणे यायच्या आधी मुकादमानं निवडणाऱ्या बायकांना अंगणातनं उठवलं. अंगणात फरशी घालायची होती. अंगणाच्या मागच्या बाजूला एक दगडी कोठार होतं. त्याला एकच दार, खिडकी नाही. तिथं हळद ओतली आणि बायकांना आत बसवलं. त्या बायकांत बहुतेक सगळ्या माझ्या आईसारख्या, पांढऱ्या कपाळाच्या. दोन-तीन नवऱ्यानं टाकलेल्या. हे असं का, हे मी एकदा मुकादमाला विचारलं होतं. तो सरळ बोलला होता, "त्यात लपवायचं काय? सवाष्ण बाई म्हंजे खाडं लय. आज वटपुनव, उद्या हळदीकुकू, परवा म्हायेरची जत्रा. हेंस्नी सणवार न्हाई, म्हणून खाडं न्हाई." एवढ्याच हिशेबानं त्या बायकांना तिथं काम मिळालं होतं. हळदीच्या मुहूर्ताच्या सौद्याला मात्र ढिगाची पूजा करायला व्यापाऱ्यांच्या घरच्या पाच सवाष्णी यायच्या, आणि पूजा होईपर्यंत निवडणाऱ्या बायका फाटकाबाहेर उभ्या राहायच्या. वर्षभर ती हळद चिवडायला त्यांचे हात चालतात, तिलाच हळद वाहायला चालत नाहीत!

कोठारात बसायला लागल्यापासून आईचा खोकला सुरू झाला. माझ्या कानांना तो खोकला ओळखीचा होता. वडिलांचा असाच सुरू झाला होता.

"तिथं जाऊ नको तू," मी म्हणाले.

"न जाऊन? तुझ्या परीक्षेची फी कोण, तुझा मामा दील?"

मुकादमाला बायकांनी विचारलं होतं, अंगणात परत कधी. तो खांदे उडवून म्हणाला होता, "आता काय, ह्ये गेलं की दुसरं पाहुणं येणार. राजधानी झालीया न्हवं आपली? अंगण आता बघायचं झालं, बसायचं न्हाई." म्हणजे मामा म्हणाले ते खोटं होतं. चार दिवसांचा तमाशा नव्हताच तो. झाड गेलं, डोण गेली, तशीच या बायकांची वाऱ्यातली जागाही कायमची गेली होती.

त्यात कॉलेजनं स्वागतासाठी मुली निवडल्या आणि इंग्रजी बरं म्हणून त्यात मला घेतलं. पाहुण्यांच्या शेजारी राहून काय चाललंय ते सांगायचं आणि त्यांचं बोलणं मराठीत करून द्यायचं, हे माझं काम. मी आईला सांगितलं. ती खोकत खोकत म्हणाली, "जा की. लुगडं मामीचं नेस, हिरवं." मी गेले.

अंगण ओळखू येत नव्हतं. फरशी, पताका, बँड. मधोमध हळदीचा ढीग आणि त्याच्याभोवती व्यापाऱ्यांच्या घरच्या बायका, नऊवारी नेसून, नथी घालून, सुपं मांडीवर घेऊन बसलेल्या. निवडणाऱ्या बायका म्हणून! एक दुसरीला म्हणत होती, "आवं, हे सूप उलटं धरलंय तुमी." "असू दे, फोटोत काय कळतंय!" आणि दोघी हसत होत्या. त्यांचा मला राग नाही. त्यांना बसवलं तिथं बसल्या.

मागच्या कोठाराचं दार ओढून घेतलेलं होतं. पुढं समितीचा एक स्वयंसेवक पाठ लावून उभा.

पाहुण्यांत दोन पुरुष आणि एक पोक्त बाई होती. आखूड पांढरे केस, बसक्या टाचेचे बूट. सगळ्यांत कमी बोलणारी आणि सगळ्यांत जास्त बघणारी तीच. मालकीणबाईंनी, म्हणजे अंगणाच्या मालकाच्या बायकोनं, तिला पाटावर बसवलं, हळदीकुंकू लावलं, नारळ-खणानं ओटी भरली. बँडवाल्यांनी एक तुकडा वाजवला. ती बाई माझ्याकडं वळून म्हणाली, "याचा अर्थ काय?"

मी सांगितलं, "जिचा नवरा हयात आहे त्या बाईचा मान असतो हा."

ती जरा हसली. "मग चूक झाली. माझा नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. धंदा मीच बघते."

मालकीणबाईंनी मला विचारलं, "काय म्हणत्यात गं बाई?"

मी जसंच्या तसं मराठीत सांगितलं. मोठ्यानं. माझं कामच ते होतं.

मालकीणबाईंचा हात कुंकवाच्या करंड्यावर तसाच राहिला. ढिगाभोवतीची एक म्हातारी "अगं बया!" म्हणून तोंडाला पदर लावून बसली. विधवेची ओटी भरायची चूक सगळ्या सांगलीत एरवी कुणाकडनं झाली नसती. नवरा आहे का, हे आमच्याकडं बाईच्या कपाळाकडं बघून कळतं. हिच्या कपाळावर आधी काहीच नव्हतं, पण ती गोरी आणि मोटारीतनं आलेली, म्हणून कुणाला प्रश्न पडलाच नाही.

अध्यक्ष पुढं झाले. "चालतंय, चालतंय! परदेशी पाहुण्यांना आपले नियम लागू नाहीत. त्यांना कसला आलाय विटाळ!"

मी हातात तबक घेऊन उभी होते. ते वाक्य ऐकलं आणि माझ्या कानशिलाला चटका बसल्यासारखं झालं. तिला विटाळ नाही. मग माझ्या आईला कुठनं आला? हळद तीच, नवऱ्याचं मरण तेच. फरक एवढाच की एक विधवा हळद विकत घ्यायला आली होती आणि दुसरी ती निवडायला.

तेवढ्यात कोठारातनं खोकला ऐकू आला. एक, मग दुसरा, मग तीन-चार बायकांचा एकदम.

"तिकडं कोण आहे?" पाहुणीनं विचारलं.

अध्यक्षांनी मला बाजूला घेऊन दात आवळून सांगितलं, "सांग, रिकामी पोती हैत. उंदरं असतील म्हणावं."

मी पाहुणीला इंग्रजीत म्हणाले, "तुम्ही घेता ती हळद निवडणाऱ्या बायका आहेत. माझी आई त्यांच्यात आहे."

अध्यक्षांना इंग्रजी येत नव्हतं, पण 'मदर' एवढा शब्द कळला असावा. त्यांचा चेहरा उतरला. पाहुणी दाराकडं निघाली. स्वयंसेवक म्हणाला, "किल्ली न्हाई." दाराला कुलूपच नव्हतं, किल्ली कशाची? आतल्या बायकांनी आवाज ऐकून दार लोटलं आणि एकेक बाहेर आली. डोक्यापासून पायापर्यंत पिवळ्याधमक, उजेडानं डोळे मिचकावत. आता काहीतरी मोठा प्रसंग आला असं वाटून बँडवाल्यांनी जोरात वाजवायला सुरुवात केली. त्या वाजंत्रीत माझी आई अध्यक्षांसमोर येऊन उभी राहिली.

"आवं सायेब, आमी काय भुतं हाय? कोंडून कशापायी घालताय?"

"गप, गप! पाहुणे आहेत!"

"मग पाव्हण्यांच्याच गाठीला आलोया की!"

आता कुणी म्हणेल, त्या परदेशी बाईच्या डोळ्यांत पाणी आलं असेल. तसं काही झालं नाही. तिनं रुमाल नाकाला लावला, दारातनं आत डोकावली आणि मला विचारलं, "या अंधारात त्यांना खडे दिसतात कसे?" तिला आमच्या आयांच्या छातीची काळजी नव्हती, मालातल्या खड्यांची होती. मी तेही मराठीत करून मालकाला सांगितलं. मालक म्हणाले, "हे तात्पुरतं आहे म्हणावं." तेही मी सांगितलं. ती मानेनंच बरं म्हणाली, कपाळावरचं कुंकू रुमालानं टिपलं आणि मोटारीत बसली. जगानं आमचं गाव बघून घेतलं ते असं.

मोटार वळली तसे अध्यक्ष माझ्यावर आले. "कुणाची पोर गं तू? गावाची अब्रू घालवलीस!"

मी म्हणाले, "हळद निवडणारीची. आणि अब्रू तुम्हीच कोठारात घालून दार लावलं होतं."

आमच्या बाई, म्हणजे इंग्रजीच्या प्राध्यापिका, मला ओढून घेऊन गेल्या. वाटेत त्या रागावल्या आणि फाटकाबाहेर आल्यावर हळूच म्हणाल्या, "उच्चार छान होते."

दुसऱ्याच दिवशी आईला आणि बाकीच्या बायकांना फाटकावरनं परत पाठवलं. मालकानं नव्या बायका ठेवल्या. निवडून सवाष्णी. पुढच्या पाहुण्यांना, फोटोला, कपाळ भरलेलं बरं दिसतं. आई घरात बसून राहिली. मामी भांडी जरा जोरात आपटू लागली. मी ठरवलं होतं, परीक्षा सोडायची आणि कुठंतरी नोकरी बघायची. तसं आईला बोलूनही दाखवलं. ती एवढंच म्हणाली, "सोडून बघ, मग सांगती."

मग संक्रांत आली.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्याकडं घरोघर हळदीकुंकू असतं, हे लहान पोरालासुद्धा ठाऊक. जगाच्या नकाशात डोकं घातलेल्या आमच्या मोठ्या माणसांना तेवढं आठवलं नाही. एका सकाळी मुकादम माधवनगरला आमच्या चाळीत हजर. आईनं जुन्या बायकांतल्या, जवळपास राहणाऱ्या दोघी-तिघींना बोलावून घेतलं. त्यातली सगळ्यांत वयस्कर म्हातारी जिभेनं फार तिखट होती.

"का रं गड्या, वाट चुकलास? तुझ्या सवाष्णी कुठं गेल्या?"

मुकादम टोपी काढून खाली बसला. "एक वाण लुटाय गेलीया, एक वाण घ्याय गेलीया. रथसप्तमीपातुर येत न्हाई म्हणत्यात. नव्या मालाच्या गाड्या दारात उभ्या हैत. बैलांस्नी पाणी न्हाई, डोण बुजीवलीया. गाडीवान आयमाय काढाय लागल्यात. आक्का, चला की."

म्हातारी म्हणाली, "फोटुतल्या बाया बलीव की."

मी मधे बोलले. मी म्हणाले, अट घाला, मुहूर्ताच्या पूजेला आम्हाला फाटकाबाहेर काढायचं नाही. आईनं माझ्याकडं बघितलं. "त्ये तुजं तू मागनं बघ. मला आदी श्वास पायजे." आणि मुकादमाला म्हणाली, "अंगणात बसणार. झाड तोडलंसा, तवा वर पत्रा पायजे. हात धुवाय, प्यायला नळ पायजे. कोठारात एक बी बाई बसणार न्हाई, कुठला बी राजा येऊंदे."

"मालकाला सांगतो. तोवर चला तरी."

"आदी पत्रा, मग सूप," आई म्हणाली.

मुकादम दोनदा जाऊन आला. पहिल्यांदा नुसता पत्रा कबूल झाला, नळ नाही. बायका हलल्या नाहीत. मामी, जी इतके दिवस भांडी आपटत होती, तीच दारात उभी राहून मुकादमाला म्हणाली, "नळाबिगर आमची वन्सं येत न्हाई, जावा." दारातल्या गाड्या तशाच उभ्या. शेवटी मालकानं खांब रोवायला माणसं लावली. हळद दारातच पडून राहू द्यायची की बायकांचं ऐकायचं, एवढाच सवाल त्याच्यापुढं उरला होता. दया म्हणून त्यानं काही केलं नाही, आणि आम्हाला दया नकोही होती.

आज विचार करते, या सगळ्या खटाटोपात गावाला काय मिळालं? एक इंग्रजी पाटी, तिचा रंग दोन पावसाळ्यांत उडाला. समितीच्या कचेरीच्या भिंतीवर एक फोटो. गेलं काय? एक झाड, बैलांची डोण, आणि एकाच बाजूनं चुना लावलेल्या भिंतींमागं राहणाऱ्यांचा, हे गाव आपलंही आहे हा विश्वास. हळद तर त्याआधीही बोटीनं जगभर जातच होती. तिला पाटी लागत नव्हती. परदेशी माणसानं चांगलं म्हणावं म्हणून आपल्याच माणसाला दाराआड करायचं, असलं मोठेपण मला तेव्हाही नको होतं, आजही नको आहे. मोठं शहर म्हणजे काय, हे मला कुणी विचारलं तर मी सांगेन, ज्या शहराला पाहुणे आल्यावर कुणाला लपवावं लागत नाही ते.

पूजेच्या वेळी फाटकाबाहेर उभं राहणं पुढंही बरीच वर्षं चाललं, ते मोडायला आणखी भांडणं लागली. पण त्या साली अंगणात पत्र्याची शेड झाली, नळ आला आणि हळद निवडणाऱ्या सगळ्या बायका परत कामावर लागल्या. आईचा खोकला उन्हाळा लागेपर्यंत पुरता गेला. मी परीक्षेला बसले आणि बी.ए. झाले.